घरी पाळणाघर सुरू करायचं का? ठरवण्याआधी हे करून बघा

दर वर्षी मे महिना आला की दोन-तीन जणी तरी मला हाच प्रश्न विचारतात, कधी गेटवर, कधी भाजीवाल्याकडे, की ताई मी पण घरी मुलं सांभाळायला घेऊ का, घरबसल्या चार पैसे सुटतील. उभ्या उभ्या पाच मिनिटांत काय सांगणार, "घे की" म्हटलं तर तिची फसवणूक होते आणि "नको" म्हटलं तर वाटतं हिला स्पर्धा नकोय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

मी मुलुंड पूर्वेला राहते, तळमजल्यावर वन बीएचके, आणि २०१५ च्या जूनपासून घरीच पाळणाघर चालवते. त्याआधी एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली. मुलं मला माऊ म्हणतात, मावशीचं माऊ कधी झालं ते आठवत नाही. मला हे काम मनापासून आवडतं, पण सुरुवातीच्या दोन वर्षांत ज्या चुका केल्या त्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरंच रडणं वाचलं असतं, माझंही आणि काही मुलांचंही.

१. आधी एक आठवडा घड्याळ लावून बघा

"मला मुलं खूप आवडतात" हे सगळ्याच सांगतात. ते हवंच, पण तेवढ्यावर ठरवू नका. मुंबईत आई-बाबांची ड्युटी आठ-नऊ तासांची असली तरी मूल तुमच्याकडे दहा-अकरा तास असतं, कारण मध्ये लोकल आहे, रिक्षाची लाइन आहे. माझ्याकडे पहिलं मूल पावणेआठला येतं आणि शेवटचं जाता जाता पावणेसात होतात.

म्हणून हे करा. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सात, घराबाहेर पडायचं नाही. बँक नाही, दळण नाही, पोराच्या शाळेची मीटिंग नाही. दुपारी पाठ टेकायची नाही. फोनवर बोलायचं तर पाच मिनिटांच्या आत. आणि याच आठवड्यात ओळखीतलं, नात्यातलं एखादं दोन वर्षांच्या आतलं मूल तीन दिवस पूर्णवेळ घरी सांभाळा, त्याची आई घरात नसताना. भाच्याला दोन तास खेळवणं आणि त्याला दिवसभर भरवणं, झोपवणं, शी धुणं, रडं थांबवणं यात फार फरक आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचा आवाज चढतो का ते बघा. चढत असेल तर तुम्ही वाईट आहात असं अजिबात नाही, पण पाच मुलं घेतल्यावर तो दुपारी बारालाच चढेल, आणि मूल तुमचं नसतं.

२. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा

सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं की सगळे हो म्हणतात. माझ्याकडे तसंच झालं. नंतर कळलं की सासूबाईंना दुपारी दोन ते चार झोप लागते आणि त्या वेळी नेमकं कुणीतरी रडत असायचं, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण वर्षभर त्यांचं बीपी काही जागेवर येईना. मग आम्ही त्यांचा पलंग आतल्या खोलीत हलवला, मुलांची झोपायची वेळ आणि त्यांची वेळ एक केली.

तुमचं स्वतःचं मूल मोठं असेल तर त्याला विचारा, दहावी-बारावी असेल तर दोनदा विचारा. लहान असेल तर त्याला आईची वाटणी करावी लागणार हे लक्षात ठेवा. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याने एक दिवस त्याची सगळी खेळणी पलंगाखाली लपवून ठेवली आणि मला म्हणाला, "ही माझी आहेत आणि तू पण." तेव्हापासून त्याची वेगळी पेटी असते, तिला कुणी हात लावायचा नाही, आणि रविवारी माझ्याकडे कुठलंही मूल येत नाही, कितीही गळ घातली तरी.

घरात कुणी तंबाखू खाणारं, दारू पिणारं, पटकन हात उचलणारं असेल तर हा विचार इथेच थांबवा. यात मध्यम मार्ग नाही.

३. किती मुलं आणि कुठल्या वयाची, हे आधी ठरवा

२०१७ च्या कायद्यातल्या बदलानंतर बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, त्यातली थोडी बाळंतपणाआधीच जाते, त्यामुळे पाच-सहा महिन्यांची बाळं घेऊन आया दारात येतात. ही सगळ्यात नाजूक. मान धरलेली असते पण बसता येत नाही, वरचं खाणं नुकतं सुरू होणार असतं. एका वेळी असं एकच बाळ घ्या, पहिल्या वर्षी तर शक्यतो घेऊच नका. दीड ते तीन वर्षांची मुलं दमवतात पण निदान काय हवं ते दाखवतात. शाळेतून येणारी पाच-सहा वर्षांची मुलं सोपी वाटतात, पण त्यांची व्हॅनची वेळ, अभ्यास आणि चिमुरड्यांची झोप यांची टक्कर होते.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी ज्या सूचना काढल्या त्यात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, शिवाय मदतनीस, आणि एका मुलामागे साधारण १० ते १२ चौरस फूट जागा असं म्हटलंय. ते ऑफिसातल्या वेगळ्या खोलीसाठी आहे. घरात, जिथे गॅस पण तुम्हीच बघता आणि बेल पण तुम्हीच उघडता, तिथे दहा म्हणजे फार झाली. माझा नियम साधा आहे: आग लागली तर एका खेपेत मी किती मुलं घेऊन घराबाहेर पडू शकते? एक कडेवर, एक हाताला धरून, दोन चालणारी पुढे. म्हणजे एकटी असाल तर चार. मदतीला माणूस असेल तर सहा. मी एकदा आठ घेतली होती, तीन महिन्यांत बंद केलं, कारण संध्याकाळी कुणाची आई विचारायची "आज किती जेवला" आणि मला आठवायचं नाही.

४. घर गुडघ्यांवर बसून तपासा

खरंच रांगा. मी सुरू करायच्या आधी अख्खं घर रांगून पाहिलं आणि उभं राहून जे कधीच दिसलं नव्हतं ते दिसलं. सोफ्याखाली एक बटण-सेल पडलेला होता, रिमोटमधला. तो मुलाने गिळला तर आतून अन्ननलिका जाळतो, काही तासांतच. पलंगाच्या कडेला एक खिळा होता. टीव्हीच्या मागची वायर ओढली तर टीव्ही अंगावर येईल अशी होती.

बाथरूममधली भरलेली बादली हा सगळ्यात मोठा धोका. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून आपण पिंप, बादल्या भरून ठेवतो, आणि नुकतं चालायला लागलेलं मूल त्यात डोकावलं की डोकं जड असल्याने उलटं पडतं आणि वर येऊ शकत नाही. आवाजही होत नाही. माझ्याकडे बाथरूमला बाहेरून उंचावर कडी आहे, आणि दिवसा एकही बादली भरलेली नसते, पिंपाला घट्ट झाकण आणि वर वजन.

खिडकीची ग्रिल बघा, गजांमधून डोकं जातं का ते बघा, बॉक्स ग्रिल असेल तर त्यात मूल चढून बसू शकतं म्हणून आतून जाळी लावा. खिडकीखाली पलंग, खुर्ची, टीपॉय काही नको. तळमजला असेल तर मेन डोअरला सेफ्टी डोअर आणि त्याची कडी मुलाच्या हाताला येणार नाही एवढी वर. फिनाइल, अॅसिड, डास मारायच्या मशीनची रिफिल, डांबरगोळ्या, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सगळं वरच्या कपाटात कुलपात. आणि फिनाइल कधीही, कधीही पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवू नका, मुलाला बाटली म्हणजे पाणी.

स्वयंपाकघराच्या दाराला अर्ध्या उंचीचं फाटक सुताराकडून करून घ्या. माझ्या सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट तीच.

५. सोसायटी आणि घरमालक

इथे बऱ्याच जणी अडकतात. सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, राहत्या फ्लॅटचा वापर बदलायचा असेल तर सोसायटीची परवानगी लागते. "आमचे सेक्रेटरी ओळखीचे आहेत, तोंडी हो म्हणालेत" यावर जाऊ नका. माझ्याकडे पण तोंडीच होतं. दोन वर्षांनी कमिटी बदलली आणि नव्या कमिटीने आल्या आल्या नोटीस लावली की जिन्यात चपला, दुपारी रडण्याचा आवाज, लिफ्टचा वापर, आणि मेंटेनन्स जास्त भरा. मी तळमजल्यावर राहते, लिफ्ट वापरतच नाही. पण हातात एक कागद नव्हता, त्यामुळे दोन महिने मी वाद घालत राहिले आणि त्या काळात दोन मुलांच्या आई-बाबांनी घाबरून मुलं दुसरीकडे नेली.

तर लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात मुलांची जास्तीत जास्त संख्या, वेळ, रविवार बंद, बोर्ड लावणार नाही, चपला घरात ठेवणार, असं सगळं आपणहून लिहा. त्याआधी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी स्वतः जाऊन सांगा. ज्यांच्याकडे आजारी म्हातारं माणूस आहे त्यांना तुमच्या मुलांच्या झोपायच्या वेळा सांगा. विरोध बहुतेक वेळा आवाजाला नसतो, आपल्याला विचारलं नाही याला असतो.

भाड्याच्या घरात असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार काढून वाचा, त्यात बहुतेक "फक्त राहण्यासाठी" असं लिहिलेलं असतं. घरमालकाकडून लेखी परवानगी घ्या, नाहीतर अकरा महिन्यांनी घर पण जाईल आणि धंदा पण.

६. कागदपत्रं

आधी तुमची स्वतःची:

- आधार आणि पॅन, दोन्हीवर नाव सारखं असल्याची खात्री करा
- घराचा पुरावा, लाइटबिल, किंवा करार आणि मालकाचं पत्र
- सोसायटीचं परवानगीपत्र
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी. ही सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, आधार-पॅनवर होते. सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात आणि दोन-तीन हजार मागतात, तिथे पैसे भरू नका
- गुमास्ता, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांची नोंदणी. २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असतील तर पूर्ण नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि त्याची पावती मिळते. धंद्याच्या नावाने बँक खातं उघडताना उद्यम आणि ही पावती दोन्ही कामाला येतात
- जेवण तुम्ही बनवून देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, बेसिक नोंदणी, फी अगदी किरकोळ आहे
- पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, तुमचं आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं. कुणी मागायच्या आधी काढून ठेवा आणि पालकांना पहिल्या भेटीत दाखवा. माझ्याकडे पालकांचा निम्मा विश्वास त्या कागदावर बसतो

मग प्रत्येक मुलाची फाइल: जन्मदाखल्याची झेरॉक्स, लसीकरण कार्डाची झेरॉक्स, आई-बाबांचे ओळखपत्र, मूल न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे फोटो, मुलांच्या डॉक्टरांचा नंबर, अॅलर्जी, आणि अचानक दवाखान्यात न्यायला लागलं तर संमतीचं सही केलेलं पत्र. लसीकरण कार्ड बघितल्याशिवाय मूल घेऊ नका. २०२२ मध्ये गोवंडीकडे गोवराची साथ आली होती ती आठवत असेल, लस राहिलेल्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो. राहिला असेल तर आईला ओरडू नका, जवळचा दवाखाना सांगा.

७. पैशांचा खरा हिशोब

अकाउंट्समधून आल्यामुळे मला वाटलं होतं हिशोब तरी चुकणार नाही, पण पहिल्या वर्षी मी फीचा आकडाच नफा समजत होते. माझे आकडे देते, तुमच्या एरियाप्रमाणे बदलतील.

पाच मुलं, पूर्ण दिवसाचे प्रत्येकी ६,५०० रुपये, झाले ३२,५००. त्यातून मदतनीस ताईंचा पगार ९,०००. दूध, फळं, भाजी, नाचणी, तांदूळ ३,५००. लाइटबिल आणि गॅस वाढतो तो १,५००. टिश्यू, साबण, फिनाइल, चादरी १,०००. मोडतोड, खेळणी, चटया १,०००. खर्च झाला १६,०००, हातात राहिले १६,५००. महिन्याचे २५ दिवस, दिवसाला ११ तास, म्हणजे २७५ तास. तासाला ६० रुपये पडले. आता स्वतःला विचारा, याला माझी तयारी आहे का. माझी होती, कारण दोन्ही मुलं डोळ्यासमोर वाढली, प्रवासाचा आणि बाहेरच्या डब्याचा खर्च नव्हता. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं आणि ते बरोबर असू शकतं.

हा आकडा बारा महिने येत नाही. मे महिन्यात निम्मी मुलं गावाला जातात, जूनमध्ये तीन वर्षांची मुलं नर्सरीत जातात आणि पूर्ण दिवसाची अर्ध्या दिवसाची होतात. वर्ष दहा महिन्यांचं धरून चाला. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. सुरुवातीला कर्ज काढायची गरज नसते, मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत मिळतं हे खरं, पण पहिल्या चार मुलांसाठी फाटक, जाळी, चटया आणि चार गाद्या एवढंच लागतं.

टॅक्सची भीती बाळगू नका. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, आणि सेवांसाठी जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर. तरी फी यूपीआयने किंवा चेकने घ्या, पावती द्या आणि रिटर्न भरा, उद्या मुलाच्या शिक्षणासाठी लोन काढायचं तर तेच कामी येतं. पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, म्हणून मी दर महिन्याला पीपीएफमध्ये थोडे टाकते, फी आली की त्याच दिवशी.

८. पालकांबरोबर सगळं लेखी ठरवा

ओळखीतलं असेल तर दुप्पट लेखी ठरवा, कारण ओळखीत पैसे मागायला जीभ रेटत नाही. एक पान पुरतं, मराठीत, दोघांची सही. त्यात वेळ, फीची तारीख, एक महिन्याचं डिपॉझिट, बंद करायचं तर महिनाभर आधी सांगणं, तुमच्या सुट्ट्या. गणपतीत मी तीन दिवस आणि दिवाळीत चार दिवस बंद ठेवते, जूनमध्येच तारखा देते. गावाला गेले तरी जागा धरून ठेवायची तर निम्मी फी, हे सुरुवातीला बोलायला जड गेलं, आता कुणी वाद घालत नाही. ठरलेल्या वेळेनंतर प्रत्येक अर्ध्या तासाला किती, तेही लिहा. एखाद दिवस ट्रेन लेट झाली तर मी मागत नाही, रोजचंच झालं तर मागते.

आणि पावसाचं कलम टाका. हे मुंबईबाहेरच्यांना कळणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा मी ऑफिसात अडकले होते, त्यामुळे ती भीती माझ्या डोक्यात होती, पण पाळणाघर सुरू करताना हा विचारच केला नाही. मग एका जुलैत रुळांवर पाणी आलं, संध्याकाळी सातला दोन मुलांच्या आया फोर्ट आणि अंधेरीला अडकल्या, आणि दोन्ही मुलं रात्रभर माझ्याकडे राहिली. एक होता चौदा महिन्यांचा, आईच्या अंगावरचं दूध पिऊनच झोपणारा. त्याला मी आईचा ओढणीसारखा एक स्टोल त्याच्या पिशवीत राहिला होता तो अंगावर घेऊन छातीशी धरला, तेव्हा कुठे साडेअकराला डोळा लागला त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली ती दारातच बसली.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्रत्येक मुलाची एक पावसाळी पिशवी माझ्याकडे असते: दोन जोड कपडे, डायपर, तो पीत असेल ती दूध पावडर, रोजची औषधं, आणि आईचा एक वापरलेला सुती कपडा. शिवाय प्रत्येकाकडून एक असं नाव घेते जे माझ्या घरी चालत येऊ शकेल. गाडीने नाही, चालत.

९. आजारपण, खाणं, झोप

ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर, उलटी-जुलाब, अंगावर पुरळ, डोळे आलेले असतील तर मूल त्या दिवशी घरी. पावसाळ्यात हातापायांवर आणि तोंडात फोड येतात ती साथ एका मुलाकडून चार दिवसांत सगळ्यांकडे जाते. आई सकाळी तापाचं औषध पाजून आणते आणि अकराला ताप चढतो हे प्रत्येकीच्या बाबतीत एकदा तरी होणार, तिला पण रजा मिळत नसते, तिच्यावर चिडू नका पण फोन करून बोलवा. नाहीतर बाकीच्या चार घरांत आजार जातो.

लिहून दिल्याशिवाय एकही औषध देऊ नका. तापाच्या औषधाचा डोस वजनावर असतो, "अंदाजे अर्धा चमचा" असं चालत नाही.

एक वर्षाच्या आत मध नाही, बाळगुटीत उगाळून पण नाही, त्याने लहान बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. एखादी आजी रागावेल, रागावू दे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, अख्खी द्राक्षं लहान मुलांना नाही, कुटून किंवा चिरून. एक वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर झोपवायचं, सपाट कडक गादीवर, तोंडाजवळ उशी, गोधडी काही नको.

घशात अडकलं तर काय करायचं ते शिकून घ्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि अडकलेली वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही. पण हे वाचून येत नाही. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात, तिथे बाहुलीवर करून घेतात. सुरू करण्याआधी कराच. अॅम्ब्युलन्सचा १०८ आणि पोलीस-आणीबाणीचा ११२ हे नंबर दारामागे मोठ्या अक्षरात लावा, मदतनीस ताईंना पण वाचता येतील असे.

१०. विश्वास आणि मदतनीस

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर माझ्याकडे येणारी प्रत्येक आई घर बघताना आधी माझ्या हातांकडे बघते असं मला वाटायचं. तिचा हक्क आहे तो. मी हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, आणि पालकांनी न सांगता कधीही यावं असं पहिल्याच दिवशी सांगते. बाथरूम आणि कपडे बदलायच्या जागी कॅमेरा नाही. मुलांचे फोटो त्यांच्या आई-बाबांशिवाय कुणाला नाहीत, स्टेटसला तर नाहीच.

मदतनीस ठेवताना तिची पोलीस पडताळणी करा, आधीच्या कामाच्या घरी स्वतः जाऊन विचारा आणि पहिला महिना तिला मुलांबरोबर एकटं सोडू नका. पगार वेळेवर द्या आणि आठवड्याची सुट्टी द्या, दमलेल्या बाईच्या हातात मूल देऊ नका.

एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसले, कुणी हात लावायला गेलं की ते आक्रसतं, नको त्या जागी दुखतं म्हणतं, तर "आपल्याला काय करायचंय" म्हणून गप्प बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणं हा गुन्हा आहे, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

११. मग ठरवायचं कसं

एकदम पाच मुलं घेऊ नका. एक मूल, दीड वर्षाच्या पुढचं, तीन महिने. पहिला आठवडा आईला बरोबर बसायला सांगा, सोमवारी दोन तास, मग तीन, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. मूल रडेल, ते रडणं तुमच्यावरचं नसतं. रोज एका वहीत चार ओळी लिहा: किती खाल्लं, किती झोपलं, शी, आणि तुम्ही किती दमलात. चौथी ओळ पण लिहाच.

तीन महिन्यांनी ती वही घेऊन बसा, घरच्यांना परत वेगवेगळं विचारा, हातात किती पैसे उरले ते मांडा. घरचे हो म्हणाले आणि वहीतल्या चौथ्या ओळीत "खूप" हा शब्द आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त येत नसेल तर दुसरं मूल घ्या, नंतर दोन-दोन महिन्यांनी एकेक. जमत नाहीये असं वाटलं तर त्या एका आईला महिनाभर आधी सांगा, दुसरी जागा शोधायला मदत करा आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन या, म्हणजे मुलाला ओळखीचा एक चेहरा तरी दिसतो.

अजून काही विचारायचं असेल तर दुपारी दीड ते तीनमध्ये विचारा, तेव्हा सगळी झोपलेली असतात.